सहावा महिना, वन बीएचके आणि फिरती शिफ्ट: दोघांनी मिळून नक्की काय करायचं?

चाकण_थर्डशिफ्ट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिलाच. सांभाळून घ्या.

बायकोला बाविसावा आठवडा चालू आहे. पहिलंच बाळंतपण. रिपोर्ट सगळे व्यवस्थित. ती शाळेत शिकवते, मी चाकणला कारखान्यात, शिफ्ट दर आठवड्याला फिरते. थर्ड शिफ्ट असली की मी घरी पोचतो तेव्हा ती रिक्षासाठी खाली उभी असते. घर वन बीएचके, आई-बाबा आमच्यासोबत.

तिला झोप नीट लागत नाही. मध्येच दचकून उठते, मग पहाटेपर्यंत जागी. दिवसा चिडचिड. डॉक्टरबाई म्हणाल्या, "रिलॅक्स राहा, नवऱ्याबरोबर वेळ घालवा." औषध सांगितलं, डोस सांगायचा राहिला.

एका गर्भसंस्कार वर्गात चौकशी करून आलो. मंत्रांचा पेनड्राइव्ह, कसलासा काढा, रविवारी जोडप्यांचं शिबिर असं पॅकेज. बाळाचा बुद्ध्यांक वाढतो असं तिथल्या बाई छातीठोकपणे सांगत होत्या. फी ऐकल्यावर बायकोच म्हणाली, त्यापेक्षा मे महिन्याआधी एसी घेऊ.

दोघांनी मिळून रिलॅक्स कसं व्हायचं यावर जालावर जे सापडतं त्यात मोठ्ठा सोफा, मेणबत्त्या आणि शांतता. आमच्याकडे साडेआठ ते दहा मालिका चालू असतात, हॉलमधला आवाज बेडरूममध्ये स्पष्ट ऐकू येतो, आणि दार लावून घेतलं की बाहेर लगेच "बरं वाटत नाहीये का?" अशी विचारणा. तेव्हा ज्यांनी अशा घरात हे निभावलंय त्यांनी लिहा. आणि दुसरी गोष्ट म्हणजे सातव्यात डोहाळजेवण झालं की तिला माहेरी बार्शीला न्यायचं घाटतंय. मग तर सगळं फोनवरच.

चिंचगूळ

अभिनंदन! मला चौथा लागलाय. वाचनखूण साठवली आहे, येऊ द्या.

आज्जी_पेठेतली

अभिनंदन बाळांनो. मी १९७८ साली पहिल्यांदा बाळंतीण झाले. सदाशिव पेठेत दोन खोल्या, माणसं आठ. ह्यांच्याशी दिवसभरात दोन वाक्यं एकटीनं बोलायची सोय नाही. पण रात्रीच्या जेवणानंतर शतपावली घालायला कुणीही नाही म्हणत नसे! सासूबाई स्वतः सांगायच्या, "तिला जरा फिरवून आण रे." तेवढा अर्धा तास आमचा. बोळातून नागनाथपारापर्यंत जायचं, परत यायचं. काय बोलायचो? काही नाही. भाडं, दूध, कुणाचं लग्न. पण मी दिवसभर त्या अर्ध्या तासाकडे डोळे लावून असायची.

तेव्हा दार लावून बसण्यापेक्षा दाराबाहेर पडा. घरच्यांना खुपत नाही आणि तिचे पायही मोकळे होतात. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात निघायच्या आधी घाला शतपावली. जेवणाची वेळ पुढेमागे करायला तुझी आई नाही म्हणणार नाही, विचारून बघ.

पाय चेपायचं काम मात्र आमच्याकडे सासूबाईंनी केलं. नवऱ्यानं बायकोचे पाय चेपायचे ही कल्पनाच तेव्हा नव्हती. आता करताय ते चांगलंच आहे.

संशयात्मा

धागाकर्ते, पैसे वाचवलेत. एसी घ्या.

बुद्ध्यांक वाढवणारा मंत्र, राग, काढा यातलं काही सिद्ध झालेलं नाही. बाळ पोटात ऐकतं हे मात्र खरं. १९८० साली अमेरिकेत डीकॅस्पर आणि फायफर या दोघांनी तीन दिवसांच्या आतल्या बाळांच्या तोंडात दुधाच्या बाटलीला असतं तसं रबरी टोक दिलं, आणि चोखण्याची लय बदलली की कुणाचा आवाज लागेल हे बाळावर सोडलं. बाळांनी परक्या बाईपेक्षा स्वतःच्या आईचा आवाज जास्त वेळा लावून घेतला. प्रयोग छोटा होता पण गाजला.

आता बाबालोकांसाठी वाईट बातमी. पुढे १९८४ मध्ये वडिलांचा आवाज घेऊन तसंच करून पाहिलं, तर नवजात बाळांनी बापाला काही भाव दिला नाही. परका पुरुष काय, बाप काय, सारखेच. तेव्हा पोटाला तोंड लावून रोज पाढे म्हणणाऱ्यांनी अपेक्षा आटोक्यात ठेवा.

अभिमन्यूचं उदाहरण द्यायला कुणी येईलच. त्या गोष्टीतसुद्धा अर्जुन चक्रव्यूह सांगत होता आणि सुभद्रेला झोप लागली. इतके महिने पोट वागवणाऱ्या बाईला रात्री व्यूहरचनेवर व्याख्यान दिलं तर दुसरं काय होणार?

संस्कारवाणी_अधिकृत

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक

जाहिरातीचा प्रतिसाद काढला आहे. कृपया लिंका नकोत.

कोल्हापुरी_ठसका

संशयात्मा, सुभद्रेच्या मुद्द्याला दंडवत.

माझा अनुभव सांगतो. बायकोला तिसऱ्यात उलट्या, आणि मला सकाळी मळमळ. तिला चिंचा नकोत, मला हव्यात. वजन तिचं दोन किलोनं वाढलं, माझं चार. आईनं गल्लीत सांगितलं, "सुनंला दिवस गेल्यात आणि डोहाळं ल्योकाला लागल्यात." हसायला येतं पण डॉक्टर म्हणाले, असं होतं खरंच, त्याला कूव्हाड सिंड्रोम असं फ्रेंच नावसुद्धा आहे. ताण मलाही होता, फक्त मी तो मिसळीवर काढत होतो. तेव्हा धागाकर्ते, तुमची झोप कशी आहे ते पण बघा. शिफ्टवाल्या माणसाला कोण विचारत नाही.

डॉ_पारिजात

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. इथे तपासणी होत नाही, तेव्हा तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं माझ्या लिहिण्याच्या वर, हे आधीच सांगते.

आवाजाबद्दल वर आलंच आहे. साधारण चोविसाव्या-पंचविसाव्या आठवड्यापासून बाळ बाहेरच्या आवाजाला प्रतिसाद देऊ लागतं. आईचा आवाज तिच्या शरीरातूनच आत पोचतो. बाहेरचा आवाज दबून जातो, शब्दांपेक्षा चढउतार आणि लय तेवढी पोचते. त्यामुळे पोटाला हेडफोन लावायची गरज नाही, मोठ्या आवाजात तर नकोच. आईला ऐकावंसं वाटेल ते खोलीत हळू लावा.

आता झोप. अठ्ठावीस आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर झोपायचं. डावी किंवा उजवी, दोन्ही चालतात. पाठीवर झोपलं की जड गर्भाशयाचा भार मोठ्या रक्तवाहिनीवर येतो. रात्री जाग आली आणि पाठीवर आहोत असं दिसलं तर घाबरायचं नाही, फक्त कूस बदलायची. एक उशी गुडघ्यांच्या मध्ये, एक पोटाखाली, आणि पाठीमागे नवरा किंवा तिसरी उशी. शवासन शिकला असाल तर तेही आता कुशीवरच करा.

मालिश: तळपाय, पोटऱ्या, खांदे, कंबर हलक्या हाताने चालेल. खोबरेल किंवा तिळाचं तेल, जे घरात असेल ते. पोट चोळायचं नाही, तिथे नुसता हात ठेवा. एकाच पायाला सूज असेल, पोटरी दुखत असेल, लाल आणि गरम लागत असेल तर अजिबात चोळू नका, थेट दाखवा, कारण रक्ताची गुठळी असू शकते. रात्री पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून पावलाची बोटं नडगीकडे ओढून धरायची. हे काम नवऱ्याचं, कारण तिचा हात तिथवर पोचत नाही.

कोमट पाण्यात पाय बुडवून बसणं छान. कढत पाण्याचा टब, सौना हे नको. प्राणायामात अनुलोम-विलोम आणि भ्रामरी करा, श्वास रोखून धरू नका. कपालभाती, भस्त्रिका या काळात बंद.

आणि कुणी विचारणार नाही म्हणून मीच लिहिते. शरीरसंबंध गरोदरपणात वर्ज्य नसतात. रक्तस्राव, वार (प्लॅसेंटा) खाली असणं, पाणी जाणं, वेळेआधी कळा येण्याचा धोका अशी कारणं असतील तर डॉक्टर मनाई करतात. तशी मनाई नसेल आणि दोघांना हवं असेल तर काळजीचं कारण नाही. माझ्याकडे येणारी कितीतरी जोडपी भीतीपोटी सहा-सहा महिने एकमेकांना साधं जवळही घेत नाहीत, आणि विचारायची लाज वाटते म्हणून विचारतही नाहीत. तिची इच्छा नसेल तर तोही विषय तिथेच संपतो, पण मिठी मारायला कुणीच मनाई केलेली नाही.

चाकण_थर्डशिफ्ट

डॉक्टर, हे प्रिंट काढून कपाटाच्या आतल्या बाजूला लावतोय (बाहेर लावलं तर आई वाचेल). आज्जी, शतपावली आजपासूनच.

संशयात्मा, बापाला भाव देत नाही हे वाचून बायको खूप हसली. पण मग मी पोटाशी बोलायचंच कशाला?

संशयात्मा

बोला की. बाळाला ओळख पटो न पटो, तुम्हाला सवय लागेल. माझा विरोध पॅकेजला आहे, बोलण्याला नाही.

खारघरचा_बाबा

आम्ही दोघांनी लमाझचे, म्हणजे बाळंतपणाच्या तयारीचे, वर्ग केले होते. त्यातलं जे एक खरंच उपयोगी पडलं ते सविस्तर लिहितो, बाकीचं विसरलो.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९३०-४० च्या दशकांत ग्रँटली डिक-रीड या ब्रिटिश डॉक्टरनं मांडलं की भीतीनं अंग आखडतं, आखडलं की जास्त दुखतं, जास्त दुखलं की भीती वाढते. फर्नांद लमाझ या फ्रेंच डॉक्टरनं १९५१ मध्ये सोव्हिएत रशियात श्वास आणि मन गुंतवून बाळंतपण करण्याची पद्धत पाहिली आणि पॅरिसला आणली. रॉबर्ट ब्रॅडली या अमेरिकन डॉक्टरनं त्याच सुमारास नवऱ्याला शिकवून तयार करण्यावर भर दिला. त्याआधी अमेरिकेतच एडमंड जेकबसननं स्नायू एकेक करून आवळायचे आणि सोडायचे हा व्यायाम बसवला होता. हे सगळं मिसळून आपल्याकडच्या वर्गांत शिकवतात.

करायचं असं. ती कुशीवर, उशा लावून. मी मागे किंवा शेजारी. ती उजव्या हाताची मूठ वळते, दंडापर्यंत आवळते. मी तिच्या दंडावर तळवा ठेवतो. काही बोलायचं नाही. तळवा टेकला की तिनं माझ्या हाताखाली स्नायू सोडायचा. पूर्ण सैल झाला की हात उचलायचा. मग दुसरा हात, खांदे, जबडा, मांड्या, पावलं. जबडा विसरू नका, बायका दात आवळून बसलेल्या असतात आणि त्यांना पत्ताही नसतो. पुरुषसुद्धा.

सुरुवातीला आम्हाला हसूच यायचं. तिला गुदगुल्या. मग मी घाईनं हात उचलायचो, ती म्हणायची थांब, अजून सुटलं नाही. हळूहळू मला हाताला कळायला लागलं की सुटलं की नाही. हे तोंडानं शिकवता येत नाही. आणि वन बीएचके असल्यामुळे सांगतो, यात आवाज शून्य! बाहेर मालिका चालू असतानाच करायचो.

प्रत्यक्ष कळांच्या वेळी तिला "रिलॅक्स हो" म्हटलं असतं तर तिनं मला मारलं असतं. मी खांद्यावर हात ठेवायचो आणि खांदा खाली यायचा. अर्थात शेवटच्या तासाभरात त्याचाही उपयोग नव्हता, तिनं हात झटकून टाकला आणि एपिड्युरल (कळा कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन) मागितलं. तेही ठीकच. कुणी बायकोला "आपण नैसर्गिकच करायचं ठरवलंय ना" असं त्या वेळी ऐकवू नये.

चिंचगूळ

खारघरचा_बाबा, किती छान लिहिलंत. नवऱ्याला पाठवलं. त्याचा रिप्लाय: 👍. बघू.

सायकलवाला_आइंडहोवन

इथे नेदरलँड्समध्ये गरोदर बाईची तपासणी सहसा सुईणच करते, डॉक्टर लागला तरच. आमच्या सुईणीनं हॅप्टोनॉमी नावाचा प्रकार सुचवला. फ्रान्स फेल्डमन या डच माणसानं स्पर्शावर बसवलेली पद्धत. इथे आणि फ्रान्समध्ये बरीच जोडपी करतात.

मी मराठी मध्यमवर्गीय, चारचौघांत बायकोचा हात धरायची सवय नाही. पहिल्याच सत्रात त्या बाईंनी मला गादीवर भिंतीला टेकून बसवलं, बायकोला माझ्या छातीला पाठ लावून बसवलं आणि चारही हात पोटावर ठेवायला सांगितले. मी घामाघूम. मग म्हणाल्या, उजवीकडच्या हाताचा भार अगदी थोडा वाढवा, दाबू नका, बोलावल्यासारखं करा. थांबा. आणि खरंच पोटातला तो गोळा सरकून उजव्या हाताखाली आला. आता संशयात्मा म्हणतील योगायोग. असेल. पुढच्या वेळी आला नाही, झोपला असेल. याला मोठा वैद्यकीय पुरावा आहे असा माझा दावा नाही.

पण ती बैठक फार कामाची आहे. तिची कंबर सुटते, तिला टेकायला मिळतं, आणि समोरासमोर नसल्यामुळे बोलणं सोपं जातं. पैशांची काळजी, तिच्या आईची तब्येत, मला बाप व्हायची वाटणारी धास्ती हे सगळं आम्ही त्या स्थितीत बोललो. तोंडाकडे बघत मला ते जमलं नसतं. भिंत आणि पलंग वन बीएचकेमध्येही असतोच.

मनी_नाशिक

लिहू की नको असं चाललं होतं. लिहिते.

माझं पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. दुसऱ्या वेळी सगळे म्हणायचे बाळाशी बोल, गाणी म्हण, आनंदी राहा. मी पोटावर हातसुद्धा ठेवत नव्हते. आंघोळीच्या वेळीही नाही. मला वाटायचं, ओळख नको वाढवायला. त्यात कुणीतरी म्हणालं, आई दुःखी असली की बाळावर परिणाम होतो. म्हणजे आता रडायचीही चोरी.

नवऱ्यानं एकदाही म्हटलं नाही की हात ठेव. तो रोज रात्री पेपर घेऊन यायचा आणि मला मोठ्यानं वाचून दाखवायचा. धरणातला पाणीसाठा, कांद्याचा भाव, क्रिकेट. मला कांद्याच्या भावाशी काय घेणं? पण तो वाचत असताना माझं डोकं दुसरीकडे जायचं आणि मला झोप लागायची. तेविसाव्या आठवड्याच्या पुढे गेलो तेव्हा एकदा वाचता वाचता त्यानं नुसती हाताची पालथी बाजू माझ्या पोटाला टेकवली, आणि मी सरकले नाही. एवढंच. पुढे कधीतरी माझाही हात गेला.

माझ्या डॉक्टरांनी नंतर मला समुपदेशकाकडे पाठवलं, ते आधी व्हायला हवं होतं. ज्यांना असं होतंय त्यांच्यासाठी सरकारचा टेली-मानस क्रमांक १४४१६ आहे, चोवीस तास, फुकट. मराठीत बोलता येतं. धागाकर्ते, तुमच्या बायकोची झोप दोन आठवडे सलग अशीच राहिली, मन उदास राहिलं, कशातच रस वाटेना, तर "गरोदरपणात होतंच असं" म्हणून सोडून देऊ नका.

डॉ_पारिजात

मनी, लिहिलंत ते बरं केलंत. तुमचा शेवटचा परिच्छेद मी लिहायला हवा होता. आणि रडल्यानं बाळाला काही होत नाही, हे सगळ्यांसाठी. तो शेवटचा परिच्छेद पुरुषांनाही लागू आहे. बाप होताना उदासी आणि घबराट त्यांनाही येते, फक्त त्यांना तपासणीला कुणी बोलावत नाही.

कोल्हापुरी_ठसका

मी मिसळीवरचा प्रतिसाद गंमतीत लिहिला होता, पण खरं आहे.

चाकण_थर्डशिफ्ट

मंडळी, थोडी प्रगती सांगतो. शतपावली सुरू आहे, आई दोनदा आमच्यासोबत आली, मग बाबांनी तिला मालिकेची आठवण करून दिली. बाबांना बहुतेक सगळं कळतंय.

हात ठेवून स्नायू सोडायचा प्रकार तिला आवडला. मी थर्ड शिफ्टला असेन तेव्हा ती एकटीच करते. झोप थोडी बरी आहे. दचकून उठणं अजून आहे. बोललो तेव्हा कळलं की तिला बाळंतपणाची नाही, नोकरीची भीती आहे. शाळा खासगी, रजेचं कुणी नीट सांगत नाहीये. मला हे माहीतच नव्हतं. मी आपला पाय चेपत बसलो होतो.

आता बार्शीचं बघायचं आहे.

नर्स_सिव्हिलची

रजेचं आधी. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली, पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवडे पगारी रजा, त्यातली ८ आठवड्यांपर्यंत प्रसूतीआधी घेता येते. शाळेला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तोंडी विचारू नका. वडिलांसाठी केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना १५ दिवस आहेत, खासगीत तसा कायदा नाही, तुमच्या कंपनीच्या एचआरला विचारा. शिफ्ट बदलून मिळते का तेही विचारा, डॉक्टरांचं पत्र जोडून. युनियन असेल तर त्यांच्यामार्फत.

दुसरं म्हणजे प्रसूतीच्या वेळी आत कोण. २०१६ पासून केंद्राची सूचना आहे की सरकारी दवाखान्यात बाईसोबत एक जवळची बाई राहू शकते, आणि प्रसूतिकक्षात आडोशाची सोय असेल तर नवराही. आमच्याकडे एका खोलीत चार टेबलं, मध्ये पडदा, त्यामुळे नवऱ्याला नाही घेता येत. आई किंवा सासू घेतो. सोबत ओळखीचं माणूस असलं की कळा सोसणं सोपं जातं, हे मी रोज बघते. खासगीत ज्याचे त्याचे नियम. नाव घालतानाच विचारा, आयत्या वेळी दारात भांडण नको.

रुखवत

डोहाळजेवणाबद्दल दोन शब्द. धनुष्यबाण, फुलांचे दागिने, चंद्राचा देखावा सगळं करा, पण उत्सवमूर्तीला तीन तास ताठ बसवून फोटो काढू नका. माझे पाय सुजून टम्म झाले होते. मधे झोपायला वीस मिनिटं द्या. आणि नवऱ्याला शेजारी बसवा, त्यालाही ओवाळा, उखाणा घ्यायला लावा. आमच्याकडे काका-मामा मंडळी बाहेर पत्ते खेळत होती आणि हा बिचारा पाहुण्यांच्या चपला मोजत होता.

पेढा-बर्फीचा खेळ आम्ही काढून टाकला. दोन्ही वाट्यांत सीताफळ रबडी ठेवली.

आज्जी_पेठेतली

रबडी! आवडलं.

माहेरी जाण्याबद्दल सांगू का? ती चाल पडली ती सासरी पोरीला विसावा मिळत नसे म्हणून. आईकडे ती झोपायची, खायची, मनासारखं रडायची. ते खोटं नाही. पण आता तुझ्या घरी तिला विसावा मिळत असेल तर सातव्यातच कशाला न्यायला हवी? आणि तिला स्वतःला आईकडे जावंसं वाटत असेल तर तू मध्ये येऊ नकोस, वेळ घालवायचा वगैरे सांगून. तिला विचारलंस का?

चाकण_थर्डशिफ्ट

विचारलं आज्जी. तिला जायचंय, पण सातव्यात नाही. शाळेचं सत्र संपवून, नववा लागायच्या सुमारास. आणि मी तिथे पोचेपर्यंत बाळाने थांबावं अशी तिची अट आहे. ती काही माझ्या हातात नाही.

तिच्या आईंना मी फोन केला. त्या म्हणाल्या, "जावईबापू, पोरगी कधीही येऊ दे, पण तुम्ही पण चार दिवस आधी येऊन राहा, इथे खोल्या भरपूर आहेत." एवढं सोपं होतं ते.

डॉ_पारिजात

ठरलंच असेल तर आत्ताच काही गोष्टी करून ठेवा. बार्शीच्या डॉक्टरांकडे एकदा आधी जाऊन नाव घाला, तिकडे कुणीतरी तिला आधी पाहिलेलं हवं. फाइल, सोनोग्राफीचे सगळे रिपोर्ट, रक्तगट मूळ प्रतीत तिच्यासोबत. नववा लागेपर्यंत थांबू नका, पस्तिसाव्या आठवड्याच्या आत प्रवास उरकलेला बरा, गाडीनं जाताना दर दीड-दोन तासांनी उतरून चालायचं, सीटबेल्टचा कमरेचा पट्टा पोटाच्या खालून बांधायचा.

अठ्ठावीस आठवड्यांनंतर रात्रीच्या जेवणानंतर तिनं कुशीवर पडून हालचाली मोजायच्या. दोन तासांत दहा व्हायला हव्यात, बहुतेकदा त्याच्या खूप आधी होतात. ही तुमची फोनची वेळ ठेवा. व्हिडिओ कॉल लावून ती मोजेल, तुम्ही वहीत लिहा. हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर गोड खाऊन बघू, सकाळी बघू असं करायचं नाही, त्याच रात्री दवाखान्यात. रक्त जाणं, पाणी जाणं, जोराची डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधुक दिसणं, चेहऱ्यावर एकदम सूज, यालाही तेच लागू. तिच्या आईवडिलांनाही हे सांगून ठेवा.

संशयात्मा

धागाकर्ते, एसी घेतला का?

चाकण_थर्डशिफ्ट

घेतला, हप्त्यावर. आई-बाबा आता रात्री मालिका संपली की आमच्या खोलीत येऊन बसतात, गार वाटतं म्हणून.

कोल्हापुरी_ठसका

😂😂 शतपावली वाढवा.

चिंचगूळ

खारघरचा_बाबा, एक राहिलंच. कळांच्या वेळी कंबर दाबायची असते म्हणतात ती मुठीनं की तळव्यानं? नवऱ्यानं 👍 नंतर पहिल्यांदाच स्वतःहून विचारलंय.

खारघरचा_बाबा

तळव्याच्या टाचेनं, माकडहाडाच्या जरा वर, जिथे हाड सपाट लागतं तिथे. कोपर सरळ ठेवून अंगाचा भार द्यायचा, नुसत्या मनगटानं दाबलं तर चार कळांत मनगट जातं. कळ चढली की दाब, उतरली की सोड. किती जोरानं ते तीच सांगेल, आणि सांगताना आवाज चढेल, मनावर घेऊ नका म्हणावं. आत्तापासून दाबून बघा, म्हणजे जागा सापडलेली असेल.